जावईबापूंची काळी गाडी

"मास्तर, तुमाले गाडीच्या रंगातलं काही समजते का वो?"

कुंपणापलीकडून काकाजींनी हा प्रश्न टाकला तेव्हाच माझ्या लक्षात आलं की विषय रंगाचा नाही. दसरा आटोपून सोयाबीन निघायला लागलं की आमच्या महागावात माणसं शेताशिवाय दुसरं बोलत नाहीत. मळणीचा हडंबा मिळाला का, एकरी उतारा किती आला, व्यापाऱ्यानं ओलाव्यापोटी किती कापले, एवढंच चालतं. ते सगळं सोडून काकाजी रंगाकडे वळले म्हणजे घरात काहीतरी शिजत होतं.

"कोणत्या गाडीचा रंग?"

"आता गाडी म्हनजे... जवाईबापूची. काळी."

तेवढ्यात काकू तुळशीला पाणी घालायचा तांब्या घेऊन आल्या. तांब्या तसाच कुंपणाच्या खांबावर ठेवला. "सांगा ना आता सगळं. मास्तर काय परके हायेत? नाई तं मीच सांगते."

काकाजींना बोलायची संधी तिथेच संपली.

"पोरगी अन् जवाईबापू पुन्याहून दसऱ्याले आले ना, थे तं तुमी पायलंच. नांदेड-उमरखेडवरून आले. गाडी अशी मळली होती का नंबर दिसत नव्हता. त्यात आपल्या इथी सगळीकडं हडंबे चालू, कुटार उडते. सकाऊन दसरा, गाडीची पूजा. ह्यांनी गड्याले सांगतलं, लेका, जवाईबापू उठाच्या आंधी गाडी अशी धुऊन ठेव का पाहातच रायले पायजे."

"मंग?"

"मंग काय, पाहातच रायले!"

काकाजी जमिनीकडे बघत होते. गड्यानं ट्रॅक्टर धुवायचा ब्रश घेतला, बादलीत कपडे धुवायची पावडर अर्धा पुडा ओतली, गाडी घसघसा घासली आणि पोत्यानं कोरडी केली. गाडी लखलखली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, झेंडूचा हार तारेनं बांधला, चाकाखाली लिंबू, पुढं नारळ. फोटो निघाले, सोनं लुटून झालं. गडबड झाली ती रात्री. जावईबापू हायवेवरच्या पेट्रोलपंपावर डिझेल टाकायला गेले, पंपाच्या पांढऱ्या दिव्याखाली उतरले आणि बॉनेटकडे पाहून थबकले. गाडीला एक चक्कर मारली. मग दुसरी.

"काही बोलले का?"

"थेच तं! काहीच बोलले नाई," काकाजी म्हणाले. "बोलले असते तं बरं झालं असतं. घरी आले, जेवले, सासूबाई पुरनपोळी लय छान म्हने. अन् पोरीनं पुन्याहून फोन केला, बाबाले सांग, पुढच्या टायमाले गाडी धुवाची नाई."

"अन् हा फोन स्पीकरवर होता," काकू म्हणाल्या. "समोरची वयनी तव्हा विरजन मांगाले आली होती."

म्हणजे बातमी गावभर. आता पानठेल्यावर गड्याला लोक 'पेंटर' म्हणतात म्हणे.

पुसदला माझा एक जुना विद्यार्थी डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो. त्याच्या दुकानात चहा पीत बसायची मला सवय आहे, त्यामुळे या विषयातल्या चार गोष्टींचं ज्ञान माझ्याकडे साठलेलं होतं. काकूंच्या मोबाईलवर लेकीनं पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. काळ्या बॉनेटवर दिव्याचं प्रतिबिंब आणि त्याभोवती गोल गोल बारीक रेघांचं जाळं.

"पाहा, पोट्ट्यानं कसा गोल गोल हात फिरवला," काकाजी म्हणाले.

"काकाजी, गोल फिरवला म्हणून हे गोल दिसत नाही. वेगवेगळ्या दिशांना सरळ पुसलं असतं तरी असंच दिसलं असतं. ओरखडे सगळ्या दिशांना आहेत, उभे, आडवे, तिरपे. पण एका ठिकाणाहून प्रखर उजेड आला की त्या उजेडाला आडवे असतील तेवढेच चमकतात. म्हणून दिव्याभोवती कडी दिसतात. दिवा हलवा, कडीही हलतील."

"म्हनून दिवसा दारात कोनाले दिसलं नाई!"

"सावलीत, ढगाळ उजेडात दिसत नाही. थेट उन्हात दिसतं, नाहीतर पंपाच्या दिव्याखाली. आणि काळ्या रंगावर जेवढं दिसतं तेवढं दुसऱ्या कशावर नाही."

काकूंचे डोळे बारीक झाले. "समोरच्या वयनीची गाडी पांढरी हाय. सकाळ-संध्याकाळ थो रंगीत मॉप फिरवते तिच्यावर. कोरडाच. तिच्या गाडीवर तं एक रेघ दिसत नाई."

"असणारच काकू, आणि भरपूर असणार. पांढऱ्यावर डोळ्याला जाणवत नाहीत. रात्री मोबाईलची बॅटरी तिरपी धरून पाहा, चांदीसारखं जाळं दिसेल."

काकूंनी हे कुठेतरी मनात जपून ठेवलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"पन मास्तर, नुसत्या धुन्यानं एवढं?" काकाजींना अजून पटत नव्हतं. "नाईक साहेब मुख्यमंत्री होते तव्हा पुसदले मंत्र्यांच्या अँबेसिडर येत. ड्रायव्हर दिवसभर फडकं मारत उभा राहे. काही झालं का त्या गाड्याले?"

वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. तेव्हाच्या गाड्यांचा रंग वेगळ्या तऱ्हेचा होता. वरपासून खालपर्यंत रंगच. घासला की वरचा थर निघे, खालचा ताजा दिसे, आणि पॉलिश करणाऱ्याच्या फडक्याला गाडीचा रंग लागे. जुनी गाडी विकत घेताना पेंटर अजूनही पांढऱ्या फडक्यावर चिमूटभर पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासून पाहतात. फडकं रंगलं तर गाडी जुन्या पद्धतीची. आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्याला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यांत वर बिनरंगाचा पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात.

"किती जाड असते थो?"

"सगळे थर मिळून साधारण १०० ते १२५ मायक्रॉन. त्यात वरचा पारदर्शक थर ४०-५०. आपल्या डोक्याचा केस ७०च्या आसपास असतो."

काकाजींनी नकळत डोक्यावरून हात फिरवला. "म्हनजे केसाहूनही पातळ?"

"हो. आणि जावईबापूंच्या गाडीवरचे ओरखडे त्याच पातळ थरात आहेत. खालचा काळा रंग जिथल्या तिथं आहे."

"अन् मातीनं ओरखडा कसा पडते? आपली माती तं मऊ."

काकाजींचा हा मुद्दा खरा होता. आपली काळी रेगूर माती ओली केली तर लोण्यासारखी लागते, तिच्यातली चिकणमाती खनिज म्हणूनही मऊच. पण गाडीवर बसते ती धूळ नुसती चिकणमातीची नसते.

"नांगरताना गारगोटी सापडते की नाही?"

"सापडते ना. पोट्टे एकमेकावर घासून ठिनग्या पाडते."

"आपल्या पायाखालचा बेसाल्ट म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थंड झालेला लाव्हा. त्याच्या पोकळ्यांमध्ये ही गारगोटी तयार झाली. तिच्याच जातीचे कण धुळीत असतात, वाळूत असतात. १८१२ साली मोह्स नावाच्या जर्मन माणसानं दगडांच्या कठीणपणाची एक मोजपट्टी बनवली, १ पासून १० पर्यंत. काच तिच्यावर साडेपाचच्या आसपास आणि गारगोटी ७ वर. म्हणजे काचेवर रेघ ओढणारा दगड. गड्यानं तोच रंगावर पोत्यानं घासला."

"अन् हायवेवर तं रेतीच रेती," काकू म्हणाल्या. "पैनगंगेची रेती रात्री कोनाकोनाच्या टिप्परमधून जाते, थे सगळ्याले माहीत हाय. ताडपत्री बी टाकत नाईत मेले."

"तू आता रेतीवर नको जाऊ," काकाजी घाईघाईनं म्हणाले. एका टिप्परवाल्याकडे त्यांचं येणंजाणं आहे.

मी विषय पुन्हा गाडीवर आणला. खरी गोम एवढीच आहे की रंगाला धूळ ओरखडत नाही. धूळ नुसती बसून राहिली तर ती महिनाभर काही करत नाही. ती दाबून पुढं-मागं सरकवली की ओरखडते. आपल्या घरात स्वच्छतेचा सगळा अभिमान घासण्यात आहे. भांडं घासलं, फरशी घासली, कॉलर घासली, तेव्हा कुठं समाधान. गाडीच्या रंगाला मात्र हात लावायच्या आधी धूळ गेलेली पाहिजे. गाडी धुण्याचं सगळं कसब हात लावायच्या आधीच्या दहा मिनिटांत आहे.

"काकाजी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला बैल धुता, तेव्हा काय करता?"

"नाल्यात उभा करतो. पोटापर्यंत पान्यात."

"लगेच घासता?"

"छ्या! वाळलेला चिखल खरवडला तं लाथ मारते थो. आधी पानी मारतो, भिजू देतो. चिखल आपसूक सुटते, मंग हात."

"गाडी लाथ मारत नाही, एवढाच फरक."

काकाजी पहिल्यांदा हसले. काकू म्हणाल्या, "गड्याले हेच सांगाले पायजे होतं. बैल धुवाले त्याच्यावानी हुशार कोनी नाई."

मग मी त्यांना क्रमानं सांगितलं. गाडी सावलीत घ्यायची, बॉनेटवर हात ठेवून गार झालं का पाहायचं. गरम पत्र्यावर साबण वाळतो आणि डाग धरतो. आधी नुसतं पाणी, टपापासून खाली, दाराच्या फटी, चाकांच्या कमानी, नंबर प्लेटच्या भोवती, जिथं जिथं माती अडकते तिथं जास्त. नळी असेल तर नळीनं, नसेल तर झारीनं. बादलीभर पाणी एकदम अंगावर फेकण्यापेक्षा झारी बरी. मग शाम्पूचा फेस गाडीवर लावून चार-पाच मिनिटं सोडायचा, वाळू मात्र द्यायचा नाही. पुन्हा पाणी. एवढं झाल्यावर, तेही मऊ हातमोजा घेऊन, पहिल्यांदा रंगाला हात लावायचा.

"शाम्पू कायले? निरम्यानं काय होते?"

"कपड्याच्या पावडरमध्ये सोडा असतो. गाडीला मेण लावलेलं असेल तर ते निघून जातं. आणि न विरघळलेले कण फडक्यात राहिले की तेही घासले जातात. गाडीच्या शाम्पूचं खरं काम मळ काढण्याइतकंच निसरडं करण्याचं आहे. उरलेला कण रंगावरून घसरून जावा, अडकू नये."

"अन् बादल्या दोन," मी पुढं म्हणालो. "एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक पट्टा पुसायचा, साध्या पाण्यात खळबळायचा, पिळायचा, मगच पुन्हा शाम्पूत."

हे काकूंना ताबडतोब कळलं. "म्हनजे मळकं फडकं साबनाच्या पान्यात घालाचं नाई. नाई तं तोच मळ पुन्हा अंगावर. हे तर धुनं धुतानी आमाले कळते." त्यांनी काकाजींकडे पाहिलं. "मानसाले कळत नाई."

साध्या पाण्याच्या बादलीत तळाशी प्लास्टिकची जाळी ठेवतात, ग्रिट गार्ड नावानं मिळते. त्यावर मोजा घासला की खडे खाली बसतात आणि पाणी ढवळलं तरी वर येत नाहीत. पुसायचं वरून खाली. टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, आणि दारांचा खालचा भाग अगदी शेवटी, कारण सगळ्यांत जास्त माती तिथंच. चाकांसाठी वेगळा ब्रश, वेगळं फडकं. ब्रेकची काळी भुकटी बॉनेटवर न्यायची नाही. हात गोल न फिरवता सरळ न्यायचा. चुकून ओरखडा पडलाच तर सरळ ओरखडा काही कोनांतूनच दिसतो, लपतो.

"फडकं माझ्याकडं हाय," काकू म्हणाल्या. "सासूबाईचं जुनं लुगडं. धुऊन धुऊन असं मऊसूत झालं का लेकराले गुंडाळावं."

"लेकराला गुंडाळा, गाडीला नको. सुती कापड मऊ असलं तरी खडा त्याच्या पृष्ठभागावरच राहतो आणि रंगावर घासला जातो. मायक्रोफायबरचे धागे लांबीत चिरलेले असतात, इतके बारीक की ९,००० मीटर धागा तोलला तर १ ग्रॅमही भरत नाही. त्या फटींमध्ये कण आत ओढला जातो, रंगापासून दूर राहतो. फक्त लेबल असेल तर काढून टाका."

"कशाचा असते थो धागा?"

"पॉलिस्टर, आणि थोडं नायलॉन."

काकाजींना हे अजिबात आवडलं नाही. "म्हनजे इथी पऱ्हाटी आमी लावाची, मजुराले येचनीचे पैसे आमी देवाचे, अन् गाडी पुसाले पॉलिस्टर?" यावर मला उत्तर नव्हतं. कापसाच्या भावाचा विषय निघाला असता तर रात्र झाली असती, म्हणून मी फडक्याच्या देखभालीकडे वळलो. मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुवायचं नाही, सुताचे तंतू त्यात अडकतात. कपड्यांना वास येण्यासाठी घालतात ते सॉफ्टनर त्यात घालायचं नाही, धाग्यांच्या फटी बुजतात. इस्त्री नाही, कडक गरम पाणी नाही. आणि जमिनीवर पडलं की ते फडकं त्या दिवसापुरतं बाद. झटकून पुन्हा वापरायचं नाही.

"हे वॉशिंग सेंटरवाल्याले सांगा," काकाजी म्हणाले. हायवे चौपदरी झाल्यापासून दोन्ही बाजूंना वॉशिंग सेंटरं उगवली आहेत. पाण्याचा जेट आणि फेस, इथपर्यंत तिथं सगळं ठीक असतं. पुढं जो स्पंज येतो तो जरा आधी मोटारसायकलच्या चेनवरून फिरलेला असतो, दोनदा चिखलात पडलेला असतो. तिथं सांगायचं, बाबा, जेट मार, फेस मार, पुन्हा जेट मार आणि हात लावू नको. पुसायचं फडकं आम्ही घरून आणलं आहे.

"असं सांगतलं तं थो म्हनन, हा कोन शहाना आला."

"म्हणू द्या. पैसे तेवढेच घेतो ना."

मग काकूंनी आवाज खाली आणला. तिकडच्या गल्लीतल्या कंत्राटदारानं गाडीला कसलंसं सिरॅमिक कोटिंग मारून आणलं, लय पैसे घातले, अन् आता सांगत फिरतो की माझ्या गाडीवर खिळ्यानंही ओरखडा पडत नाही. हे खरं का?

"सिरॅमिकचा थरही काही मायक्रॉनचाच असतो. पाणी त्यावर थांबत नाही, मळ लवकर सुटतो, धुणं सोपं होतं. एवढं खरं. पण वाळूचा कण पोत्यानं घासला तर तिथंही रेघ पडेल. आणि खिळ्याचा प्रयोग त्यांना करू देऊ नका."

"मी तं म्हनते करू द्या," काकू म्हणाल्या.

पाण्याचा विषय निघाला तेव्हा काकाजी जरा गंभीर झाले. २०१८च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी देणारे निळोणा आणि चापडोह हे जलाशय आटले होते आणि नळाला कित्येक दिवसांआड पाणी येत होतं. तेव्हापासून काकाजींच्या घरी नळी लावून गाडी धुणं बंद आहे. काकूंची भाची बंगळुरूला असते. तिथं मार्च २०२४मध्ये पिण्याच्या पाण्यानं गाडी धुवायला बंदी घातली होती आणि ५,००० रुपये दंड होता. भाचीच्या सोसायटीत त्या उन्हाळ्यात सगळ्यांच्या गाड्या एकाच धुळकट रंगाच्या झाल्या होत्या म्हणे.

"दोन बादल्या आणि झारीनं काम होतं," मी म्हणालो. "उघडी नळी सोडली तर त्याच्या कितीतरी पट पाणी जातं."

"आमी आरओ मशीनचं वाया जानारं पानी साठोतो," काकू अभिमानानं म्हणाल्या. "तेच वापरन."

"पहिल्यांदा माती भिजवायला वापरा, चाकांना वापरा. शेवटचं पाणी मात्र ते नको. आरओ जे क्षार काढतो ते सगळे त्याच वाया जाणाऱ्या पाण्यात उतरतात. आपलं बोअरचं पाणी आधीच जड, हे त्याहून जड. गाडीवर वाळलं की पांढरे गोल डाग पडतात, आणि ते काढायला लोक पुन्हा घासतात. बोअरच्या पाण्यानं धुतलं तरी चालेल, पण उन्हात वाळू देऊ नका. मोठं मायक्रोफायबर पसरून अलगद ओढून घ्या, घासू नका. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी साठवलं तर शेवटच्या धुण्याला त्याच्याइतकं चांगलं पाणी नाही."

"अन् कुंकू? पूजेचं कुंकू बी गाडीवरच होतं. पोरीनं गाडीत बसतानी फडक्यानं पुसलं," काकू म्हणाल्या.

"कोरडं?"

"कोरडं."

"ते पाण्यानं ओलं करून उचलायचं. हार तारेचा नको, दोऱ्याचा. वाऱ्यानं हलला की तार रंगावर चालते. आणि झेंडूच्या पाकळ्या रात्रभर बॉनेटवर कुजत ठेवायच्या नाहीत."

"हळदीचा डाग पडला असन तं?"

"काकू, हळदीचा डाग तुम्ही साडीवरून कसा काढता?"

"उन्हात टाकतो. विटून जाते."

"मग गाडी काही दिवस उन्हात उभी करा."

आता काकाजींच्या मनातला खरा प्रश्न बाहेर आला. "हे निघते का काहीतरी करून? मी पैसे देतो. गपचूप."

फोटो मी पुन्हा पाहिला. बॉनेटच्या मधोमध चार-सहा जाड, सरळ रेघा होत्या, ब्रशच्या रुंदीत, एकमेकींना समांतर. त्या गड्याच्या. पण बारीक जाळं फक्त बॉनेटवर नव्हतं. दुसऱ्या फोटोत दारांवर, डिकीवर, अगदी आरशाच्या पाठीवरही होतं. एका सकाळच्या कामातून इतकं दाट जाळं पडत नाही.

"काकू, पुण्याला त्यांची गाडी कोण धुतं?"

"सोसायटीत मानूस येते ना. पहाटं पाच वाजता. रोज पुसून जाते. महिन्याचे पैसे देते पोरगी. लय कौतुक सांगते, म्हने आई, आमची गाडी रोज सकाळी तयार."

"एक माणूस, एक बादली, एक फडकं?"

"वीस-पंचवीस गाड्या करते म्हने तेवढ्यात."

पाच वाजता अंधारात, पहिल्या गाडीपासून पंचविसाव्या गाडीपर्यंत तेच फडकं, तेच पाणी, आणि रात्रभर बसलेली धूळ तशीच रंगावर. रोज. मी काही बोलायच्या आधीच काकूंच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"म्हनजे आमचा गडी निर्दोष!"

"निर्दोष नाही. त्या चार-सहा रेघा त्याच्या. जाळं पुण्याचं."

"जाळं पुन्याचं!" काकाजींनी हे वाक्य दोनदा उच्चारलं. महागावच्या माणसाला पुण्याची चूक सापडणं हा साधा आनंद नाही. छाती जरा पुढं आली. मग ती पुन्हा मागं गेली. "पन हे जवाईबापूले सांगाचं कसं? सासरा म्हनते तुमच्या पुन्याच्या मानसानं गाडी खराब केली. बरं दिसते का थे?"

"पोरीले सांगते मी," काकू म्हणाल्या. "ती सांगन तिच्या परीनं."

निघण्याबद्दल म्हणाल तर जाळं निघतं. पेंटर मशीननं पॉलिश करतात, म्हणजे पारदर्शक थराचा वरचा काही मायक्रॉन जाडीचा भाग घासून समतल करतात. ओरखडा भरून येत नाही, त्याच्या बाजूची जमीन खाली आणतात. म्हणून ते आयुष्यात मोजक्या वेळाच करता येतं. दर दिवाळीला करून घेतलं तर थर इतका पातळ होतो की उन्हानं पापुद्रे सुटायला लागतात. ओरखड्यावरून नख फिरवायचं. नख अडकलं नाही तर पॉलिशनं जाईल. अडकलं तर ओरखडा खोल आहे, तो उगाच घासत बसायचं नाही.

"गड्याच्या रेघात नख अडकते का, विचार पोरीले," काकाजी म्हणाले.

"विचारते. पन आधी हे सांगा, दिवाळीले थे पुन्हा येतीन. भाऊबीजेले. तव्हा गाडी धुवाची कोनी? गड्याले तं हात लावू देनार नाई मी."

यावर कुंपणाच्या दोन्ही बाजूंना शांतता पसरली. जावयाला सासुरवाडीत गाडी धुवायला लावायची, हे कोणी बोललंसुद्धा नाही. मी म्हणालो, "लेक धुईल."

"माहेरी आलेल्या लेकीले काम सांगू?" काकू भडकल्या. "गाडी तिच्याच नावावर हाय, हप्ता बी तिच्याच पगारातून जाते, थे खरं. पन माहेरी नाई."

"मंग मी धुतो," काकाजी म्हणाले.

"तुमी नोका!" काकू आणि मी एकदमच म्हणालो.

"काकाजी," मी म्हणालो, "धुवायचीच नाही. धूळ राहू द्या. चार दिवसांनी गाडी परत जाणारच आहे, पुन्हा धूळ बसणारच आहे. पाखरानं घाण केली किंवा काचेपुढं किडे चिकटले तर तेवढ्यावर ओलं फडकं पाच मिनिटं ठेवायचं आणि वर उचलायचं, कारण ते उन्हात रंग खातात. बाकी गाडीला कोणी बोटही लावायचं नाही. फक्त कडुलिंबाखाली उभी करू नका, पाखरं तिथंच बसतात."

"मंग चादर टाकून ठेवतो वरून."

"धुळीवर चादर टाकली की वाऱ्यानं चादरच पुसायचं काम करते. नको."

काकू बराच वेळ विचारात होत्या. मळकी गाडी चार दिवस दारात, ऐन दिवाळीत, दारापुढं रांगोळी, आकाशकंदील, आणि येणारा-जाणारा पाहणार. समोरची वयनी तर विरजण मागायला मुद्दाम येणार. मग त्यांनी खांबावरचा तांब्या उचलला.

"कडुलिंब आपल्याच दारात हाय ना?"

"हो."

"तं मंग जवाईबापूले सांगते, गाडी समोरच्या वयनीच्या फाटकापुढं लावा. तिथी झाड नाई. अन् मळकी दिसली तं तिच्याच दारात दिसन."